पट्ट्याआडची तरफ

कमरेला पिस्तूल लपवून वागवायचं, तर अडचण कशाची? नळीची, असंच कुणालाही वाटेल. पण नळी एकदा पँटच्या आत उतरली की तिचा प्रश्न मिटला. चुगली करते ती मूठ. अमेरिकेत सर्रास दिसणारं ग्लॉक 19 घ्या. त्याची 102 मिलिमीटरची नळी पट्ट्याखाली गडप होते, मूठ मात्र पट्ट्याच्या वर उरते. शिवाय 15 गोळ्या याच मुठीत. म्हणजे भरल्यावरच्या साधारण 850 ग्रॅम वजनातला मोठा वाटा वरच, बाहेर कलंडायला टपलेला. माणूस जरा वाकला की शर्टावर टेंगूळ आलंच!

शस्त्र कमरेला असावं का, हा वाद वेगळा, आणि माझा कौल ‘नसावं’ याच बाजूला. पण हे टेंगूळ घालवायला तिथल्या कारागिरांनी जे केलंय, ते बघून थक्क व्हायला होतं.

पिस्तूल ठेवायचं म्यान म्हणजे होल्स्टर. त्याच्या बाजूला, चाप असतो त्या अंगाला, प्लास्टिकचा एक लहानसा पंख स्क्रूने बसवतात. त्याला तिकडे ‘क्लॉ’ म्हणतात. हा पंख पट्ट्याच्या मागे येतो. पट्टा आवळला की तो पंखाला आत रेटतो, अख्खं होल्स्टर किंचित फिरतं आणि मूठ पोटाला चिकटते. ना स्प्रिंग, ना चुंबक. पँट सावरायला आवळलेल्या पट्ट्याचाच जोर फुकटात वापरलेला!

दुसरी युक्ती पाचरेची. होल्स्टरच्या तळाशी, अंगाकडच्या बाजूला, फोमचा तुकडा वेल्क्रोने चिकटवायचा. तळ बाहेर ढकलला गेला की माथा आपोआप आत झुकतो. यातूनच एक उफराटी गोष्ट निघते: आखूड होल्स्टरपेक्षा लांब होल्स्टर कित्येकदा जास्त सुखाचं आणि जास्त झाकलेलं राहतं, कारण पट्ट्याखाली त्याला टेकायला जागा मिळते.

उंचीचं गणित मात्र कुणालाच पूर्ण सुटत नाही. क्लिप एक भोक सरकवून होल्स्टर खाली घेतलं तर छान लपतं, पण मुठीभोवती बोटं शिरत नाहीत. वर घेतलं तर हात झटकन बसतो आणि मूठ डोकं काढते. उजव्या कुल्ह्यामागे लावणारे होल्स्टर साधारण 15 अंश पुढे कलवतात, म्हणजे मागे गेलेल्या हाताचं मनगट मुरगळत नाही. पोटाशी लावणारे बहुधा सरळच ठेवतात. गाडीत बसल्यावर मात्र टोक जांघेत रुततं, मग पुन्हा पाचर सरकवा.

हे सगळं पेलायला साहित्यही तसंच लागतं. कायडेक्स हे प्लास्टिक 1965 साली विमानांच्या अंतर्भागासाठी आलं. तापवून मऊ केलेला पत्रा पिस्तुलाच्या साच्यावर दाबला की चापाभोवतीच्या कडीचा आकार त्यात उमटतो, आणि पिस्तूल आत बसताना ‘टक्’ असा आवाज येतो. पकड किती घट्ट, ते रबरी वॉशरवरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ठरवायचं. रिकामं पिस्तूल आत ठेवून होल्स्टर उलटं हलवलं तर ते पडता कामा नये, पण हाताने खेचलं तर अडकायलाही नको.

चाप पूर्ण झाकलेला हवा, यात मात्र तडजोड नाही. अमेरिकन फुटबॉल खेळणारा प्लॅक्सिको बरेस नोव्हेंबर 2008 मध्ये मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबात गेला, तेव्हा त्याचं ग्लॉक होल्स्टरशिवाय पँटच्या कमरेत नुसतं खोचलेलं होतं. ते पायावरून घसरलं, तो सावरायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. पुढे बेकायदा शस्त्राबद्दल तुरुंगवासही झाला. सिनेमातले नायक इतकी वर्षं असंच खोचून धावताहेत, ते धडधाकट कसे राहिले कोण जाणे.

मनासारखं जमलं की स्क्रूंच्या आट्यांना थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू जखडून ठेवणाऱ्या गोंदाचा, थेंब लावतात. नाहीतर चालण्याच्या हादऱ्यांनी ते हळूहळू ढिले पडतात आणि सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून.