दिव्याखालची शेवंती का फुलत नाही?

शहाद्याहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे: अंगणात शेवंतीच्या काश्या एकाच दिवशी लावल्या. खत तेच, पाणीही तेच. फाटकापलीकडची रोपं दिवाळीनंतर फुलांनी लगडली, पण ओट्याच्या दिव्याखालची नुसतीच हिरवीगार राहिली. फवारणी कोणती करू?

फवारणी नको. रात्री दिवा बंद करा.

शेवंतीला कळी धरायला सलग लांब काळोख लागतो. हे कोडं सुटायला सुरुवात झाली अमेरिकेत, तंबाखूच्या शेतात. ‘मेरिलँड मॅमथ’ नावाचा वाण उन्हाळाभर उंच वाढे, पण फुलत नसे. गार्नर आणि ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी त्याच्या कुंड्या रोज दुपारनंतर एका छोट्या अंधाऱ्या खोपट्यात ठेवल्या, आणि झाडं फुलली. 1920 साली त्यांनी दिवसाच्या लांबीचा हा प्रभाव जगापुढे मांडला. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर या संशोधकांनी दाखवलं की खरा हिशेब दिवसाचा नसून रात्रीचा असतो. त्यांचं झाड आपल्या ओळखीचं आहे: बांधावरचं, काटेरी फळं कपड्यांना चिकटणारं गोखरू. लांब रात्रीच्या मध्यावर मिनिटभर उजेड दाखवला तरी ते फुलायचं थांबलं. खळ्यावर धान्याची मापं मोजणाऱ्याला मध्येच हटकलं की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं, तसंच हे.

आता ताईंच्या शहाद्याकडे. त्यांचा नंदुरबार जिल्हा साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम अडीच-पावणेतीन तासांचा फरक असतो. ऑगस्टच्या आरंभी सुमारे 13 तासांचा असलेला दिवस नोव्हेंबर उजाडेपर्यंत साडेअकरा तासांच्या आत येतो. एवढासा बदल माणसाच्या लक्षातही येत नाही, पण शेवंतीला तो नेमका कळतो. कोजागरीच्या चांदण्याने ती फसत नाही, कारण तो उजेड फारच मंद असतो. ओट्यावरचा दिवा मात्र तिला पुरेसा प्रखर वाटतो.

पण रात्र मोजतं कोण? कळी तर शेंड्यावर येते. इथे मला ज्यांच्याबद्दल मनापासून लिहायचं आहे ते मिखाईल चायलाख्यान येतात. सोव्हिएत संघातल्या या आर्मेनियन शास्त्रज्ञाने प्रयोगासाठी शेवंतीच निवडली. झाडाच्या वरच्या भागाची पानं त्यांनी काढून टाकली. मग खालच्या पानांना लहान दिवस आणि पर्णहीन शेंड्याला मोठा दिवस दिला, तर झाड फुललं. उलट केलं, तर फुललं नाही. म्हणजे रात्र मोजतात ती पानं, आणि त्यांच्याकडून काहीतरी शेंड्यापर्यंत पोहोचतं. 1937 मध्ये त्यांनी त्या अज्ञात पदार्थाला ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. किती साधा आणि किती देखणा प्रयोग! ना महागडं यंत्र, ना मोठी प्रयोगशाळा.

मोबदल्यात त्यांच्या वाट्याला आली सोव्हिएत सत्तेच्या मर्जीतल्या कृषिशास्त्रज्ञ लायसेंकोची खप्पामर्जी. वनस्पतीतल्या संप्रेरकांची कल्पनाच त्या गोटाला मान्य नव्हती, आणि 1938 मध्ये चायलाख्यान यांची डॉक्टरेट अडवली गेली. तरी त्यांनी हा विषय सोडला नाही. पदार्थ कोणाच्याच हाती लागेना, तेव्हा फ्लोरिजेन मुळात आहे का, अशी शंका अनेकांनी घेतली. अखेर 2007 मध्ये जर्मनीतल्या आणि जपानमधल्या संशोधकांनी पानातून शेंड्याकडे जाणारं ते प्रथिन दाखवून दिलं. चायलाख्यान 1991 मध्येच गेले होते. पाठ्यपुस्तकांत फ्लोरिजेनला एक ओळ मिळते, त्यांचं नाव बहुधा त्या ओळीतही नसतं. हा मला अन्याय वाटतो.

आता अंगणाकडे. वर्षभर फुलं देण्याचं आश्वासन देऊन जांभळे एलईडी दिवे विकले जातात. शेवंतीसाठी ते पैसे वाया घालवू नका. रात्रभर लावले तर अपाय तेवढा होईल. दिवा घालवणं शक्य नसेल, तर सप्टेंबरपासून सूर्य मावळल्यावर रोपांवर जाड काळं कापड टाका आणि सकाळी काढा. खाली हवा खेळती राहू द्या. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे करावं लागतं. लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल उमलायला वाणानुसार दोन महिने किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणून मध्ये कंटाळू नका. शेंडेही या काळात खुडू नका, नाहीतर येऊ घातलेली कळीच हातात येईल. उंच झेंडूलाही लहान दिवस मानवतो, तेव्हा तोही काळोख्या बाजूला लावा. उजेडाची जागा गुलाबाला द्या. त्याला दिवसाच्या लांबीशी फारसं देणंघेणं नसतं.

फुलदाणीसाठी शेवंती कापायची ती पहाटे, बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडल्यावर. पाण्यात बुडतील ती पानं आधीच काढा. ती कुजली की जीवाणू वाढतात आणि देठातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजतात. दर एक-दोन दिवसांनी पाणी बदला, देठाचं टोक थोडं छाटा. बहर संपल्यावर जुन्या फांद्या जमिनीलगत कापा, म्हणजे बुंध्याशी नव्या काश्या फुटतील आणि एप्रिल-मे मध्ये लावायला घरचीच रोपं मिळतील.