मालवणात स्कूबा केलं आणि लगेच घाट चढून नगर गाठलं, तर काय होतं?

सुट्ट्या लागल्या की नगर, संगमनेर, श्रीरामपूरहून गाड्या मालवणकडे सुटतात. प्लॅन ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, रविवारी सकाळी स्कूबा, दुपारी सुरमई थाळी आणि संध्याकाळी घाट चढून परत. सोमवारी कामावर हजर, आणि पाण्याखालचा व्हिडिओ स्टेटसला.

या प्लॅनमध्ये एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे घाट. स्कूबा आणि घाट यांचा काय संबंध? आणि २० मिनिटं पाण्याखाली जाऊन आलो म्हणजे आपण स्कूबा शिकलो का? समजून घेऊया.

सिलेंडरमध्ये ऑक्सिजन असतो का?

नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. पाठीवरच्या सिलेंडरमध्ये साधी हवाच असते, फक्त ती गाळून प्रचंड दाबाने भरलेली असते. म्हणजे त्यात साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. ही हवा आपल्याला श्वास घेता येईल इतक्या दाबाने तोंडापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असं उपकरण तयार केलं आणि त्यातूनच आजचं स्कूबा उभं राहिलं.

रेग्युलेटर एक महत्त्वाचं काम करतो. तुम्ही जितके खोल जाल, तितक्या जास्त दाबाची हवा तो तुम्हाला देतो. स्कूबाची सगळी मजा आणि सगळा धोका इथूनच सुरू होतो.

विहिरीतला नियम समुद्रात उलटा का होतो?

आपल्याकडे अनेक जण पोहायला शिकले ते पाठीला डबा बांधून, विहिरीत. तिथला जुना खेळ म्हणजे श्वास रोखायचा, सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. त्यामुळे पाण्यात श्वास रोखायचा, हे अंगात भिनलेलं असतं.

स्कूबाचा पहिला नियम याच्या बरोबर उलट आहे: श्वास कधीच रोखायचा नाही.

कारण सोपं आहे. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. समजा, तुम्ही काठावर ६ लिटर हवा छातीत भरली. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, म्हणून ती हवा ३ लिटरइतकी आकसते. वर आलात की पुन्हा ६ लिटर. हिशोब जुळला.

पण स्कूबात तुम्ही १० मीटर खालीच दाबाची ६ लिटर हवा आत घेता. ती रोखून वर आलात, तर पृष्ठभागावर तिला १२ लिटरची जागा लागेल. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसाला इजा होते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. यासाठी फार खोल जावं लागत नाही, दोन मीटरचा फरकही पुरेसा असतो. म्हणूनच घाबरून श्वास रोखत झटकन वर येणं, ही सर्वात धोकादायक गोष्ट आहे. 'मला पोहता येतं' एवढ्यावर इथे भागत नाही.

आता येऊया घाटाकडे

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींमध्ये जास्त प्रमाणात विरघळतो. हळूहळू वर आलं की तो श्वासावाटे निघून जातो. दाब एकदम कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरातच तयार होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, बधिरपणा, अति थकवा ही त्याची लक्षणं. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

पाण्यातून बाहेर आल्यावर हे सगळं लगेच संपत नाही. जादा नायट्रोजन पूर्ण बाहेर पडायला बरेच तास लागतात. या काळात उंचावर गेलात, तर हवेचा दाब आणखी कमी होतो. म्हणूनच डायव्हिंगनंतर लगेच विमानप्रवास करू नये असं सांगितलं जातं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा आहे: एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, आणि एकापेक्षा जास्त केल्या असतील तर किमान १८ तास थांबा. हा सल्ला साधारण ६०० मीटर उंचीपासून पुढे लागू होतो.

आता आकडे बघा. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. अहिल्यानगर शहर सुमारे ६५० मीटरवर. म्हणजे विमानात न बसताही आपण त्या मर्यादेच्या वर जातो.

यात घाबरण्यासारखं किती? उथळ पाण्यातल्या एका २० मिनिटांच्या डाइव्हनंतर त्रास होण्याची शक्यता फारच कमी असते. पण दोन-तीन दिवस रोज डाइव्ह केल्या असतील, तर घाटाचा विचार करावाच लागतो. आणि घरी आल्यावर वरची लक्षणं दिसली, तर डॉक्टरांना 'मी स्कूबा केलं होतं' हे स्वतःहून सांगा. समुद्रापासून इतक्या लांब कुणी ते विचारेलच असं नाही.

मग 'शिकणं' म्हणजे काय?

मालवणात बहुतेक पर्यटक करतात ती ओळखीची डाइव्ह. त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो आणि पोहता येण्याची गरज नसते. पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार अशा डाइव्हची मर्यादा १२ मीटर आहे.

खरं शिक्षण म्हणजे ओपन वॉटर कोर्स. तो साधारण तीन-चार दिवसांचा असतो. आधी थिअरी, मग शांत पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर परत घेणं, हवा संपली तर जोडीदाराची घेणं, हे सगळं त्यात करून दाखवावं लागतं. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणंही आवश्यक आहे. वयाची अट किमान १० वर्षं. पास झालात की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं.

शिकायचं कुठे?

महाराष्ट्रात तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, कोर्ससाठी प्रसिद्ध आहे. तिथून परत येताना विमान ठरलेलंच, त्यामुळे शेवटचा दिवस डाइव्हशिवाय ठेवा.

जाण्याआधी काय बघायचं?

• प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आहे, हे विचारा.
• दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यातलं काही असेल तर लपवू नका. आधी डॉक्टरांना भेटा.
• सर्दी झाली असेल तर डाइव्ह टाळा, कानातला दाब सुटत नाही.
• बोटीत लाइफ जॅकेट घाला आणि गर्दी असेल तर चढू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. धोका फक्त पाण्याखाली नसतो.
• आपत्कालीन ऑक्सिजन आहे का, हे विचारा.

आणि प्लॅनचा क्रम बदला. शनिवारी स्कूबा, रविवारी किल्ला. खर्च तेवढाच, दिवस तेवढेच, फक्त घाट चढण्याआधी शरीराला एक रात्र मिळते.