विकासवाडीतलं पाळणाघर गेलं कुठे?

दिवाळी उरकली की बीड, धाराशिवकडच्या कित्येक वस्त्यांना कुलपं लागतात. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते, कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बाई मागे राहिली तर हिशेबच मोडतो. दीड-दोन वर्षांचं पोर सोबत जातं. भल्या पहाटे फडात पाचटावर गोधडी टाकून त्याला निजवतात आणि राखायला बसते सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा तिथेच संपते.

या बहिणीचा विचार महाराष्ट्रात फार पूर्वी झाला होता. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे पन्नाशीच्या दशकात त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. पण मोठी बहीण येणार कशी? तिच्या कडेवर धाकटं होतं. त्यावर उपाय म्हणून उभी राहिली विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिने अंगणवाडी घेतली, पाळणाघर मात्र घेतलं नाही. अंगणवाडीत तीन वर्षांखालच्यांना मिळतो घरी न्यायचा शिधा, वजन आणि लसीकरण. तीन ते सहाच्या मुलांना गरम आहार आणि गाणी-गोष्टी. एक-दोनच्या सुमारास अंगणवाडीला कुलूप लागतं. शेतात किंवा साईटवर असलेली आई तेव्हा घरी कशी असणार?

पाळणाघर का घेतलं नाही? पैसा हे एक उत्तर झालं. माझ्या मते खरी मेख वेगळी आहे. पाळणाघर म्हणजे दिवसभराचं काम, आणि दिवसभराच्या कामाला पगार द्यावा लागतो. अंगणवाडी सेविका मानसेवी, काम अर्धवेळ, मोबदला म्हणजे मानधन अशी सगळी मांडणी झाल्यावर दारं संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा असं कोणत्या तोंडाने सांगणार?

अर्धवेळ म्हणायचं, पण काम बघा. मुलांना खाऊ घालायचं, बाळांना काट्यावर घ्यायचं, गरोदर बायांच्या घरी जायचं, मतदारयाद्यांची कामं करायची. लाडकी बहीण योजनेचे अर्जही २०२४ साली सेविकांनीच भरले. शिवाय पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप. आता शिधा देताना आईचा चेहरा मोबाइलमध्ये जुळावा लागतो. त्याआधी पडताळणीचा ओटीपी येतो तो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा असतो कामावर. मग बाळाच्या आईला ओट्यावर बसवून सेविका स्वतःच्या फोनवरून त्याला गाठते, "भाऊ, आत्ता एक नंबर आलाय बघा, पटकन सांगा, नाहीतर जाईल तो!" नंबर जातोच. मग पुन्हा पहिल्यापासून.

या कामासाठी केंद्राने ठरवलेलं सेविकेचं मासिक मानधन ४,५०० रुपये आहे. ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेला हा आकडा सात वर्षं उलटली तरी तिथेच आहे. त्यातही केंद्राचा वाटा ६० टक्के, म्हणजे २,७०० रुपये. वरची भर राज्याने घालायची. महाराष्ट्राने ती घातली, पण सुखासुखी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला सेविकांचा संप पन्नासहून अधिक दिवस चालला. त्यानंतर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सेविकेला १३ हजार आणि मदतनीसला साडेसात हजार झाले, वर थोडा प्रोत्साहन भत्ता. दिवाळीला सरकार दोन हजारांची भाऊबीज देतं. बोनस हा कामगाराचा हक्क, भाऊबीज ही भावाची मर्जी.

न्यायालयांना हे दिसू लागलं आहे. दाहोदच्या सेविकांच्या खटल्यात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. हे काम अर्धवेळ असल्याचा युक्तिवाद त्यांना पटला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सेविकेला किमान २४,८०० आणि मदतनीसला २०,३०० रुपये द्यायला सांगितलं. सेविकांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस तर भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली होती.

आणि आता केंद्राला पाळणाघर आठवलं आहे. 'पालना' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायचं, रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. कल्पना उत्तमच. पण पाळणाघर सेविकेला ५,५०० रुपये आणि मदतनीसला ३,००० रुपये. गणित सोपं आहे: सेविकेला तासाला २८ रुपये, मदतनीसला साधारण पंधरा. एवढ्यावर कुणी दुसऱ्याची तान्ही मुलं वर्षानुवर्षं सांभाळील, ही अपेक्षाच निर्लज्जपणाची आहे. बाई बदलत राहील, मूल रडत राहील आणि दोन-चार वर्षांनी अहवाल म्हणेल की पाळणाघरांना प्रतिसाद नाही.

सर्व मुलांसाठी पाळणाघर ही मागणी आणि सेविकेच्या वेतनाची मागणी या दोन फायली मंत्रालयात जोवर वेगळ्या ठेवल्या जातात, तोवर दोन्ही अडून राहणार. सुरुवात दिल्लीला करावी लागेल, ४,५०० चा आकडा खोडून.