पद्मिनी सुरू होत नाही? कार्ब्युरेटर खोलू नका, आधी करंट बघा

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. घरगुती पद्मिनी मात्र अजून अनेकांनी जिवापाड जपल्या आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं ते 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन साधं आहे, आणि ते सुरू न होण्याची कारणंही मोजकीच. तरी एखाद्या सकाळी गाडीने नकार दिला, की जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, “कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय, खोलून साफ करा.” या एका सल्ल्यापायी कितीतरी चांगले कार्ब्युरेटर बाद होतात.

कचरा अडकतो हे खरं. पण काल संध्याकाळी नीट चाललेल्या गाडीचा कार्ब्युरेटर रात्रीतून बिघडण्याचा संभव कमी. बॅटरी, सीबी पॉइंट, कंडेन्सर किंवा ओलसर डिस्ट्रिब्युटर कॅप यांपैकी कशाने तरी दगा दिला असण्याचा संभव बराच जास्त. म्हणून आधी करंट, मग पेट्रोल आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. तो खोलायची वेळ आलीच, तर जेटमध्ये तार घालू नये. जेट पितळेचा असतो आणि त्याचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडलेलं असतं. तारेने ते थोडं जरी रुंदावलं, तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते आणि प्लग काळे पडत राहतात. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत एवढं पुरतं.

दुसरा पक्का समज: हेडलाइट लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे. दोन्ही हेडलाइट मिळून दहाएक अँपिअर घेतात; सेल्फला शंभराच्या वर लागतात. तेव्हा दिवे लावून सेल्फ मारा आणि दिव्यांकडे बघा. ते एकदम मंदावले आणि नुसतं ‘टक्’ झालं, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर काढून घासा. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही तपासा. ती गंजली की नवी बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. दिवे जराही मंदावले नाहीत आणि आवाजही नाही, तर दोष स्विच, सोलेनॉइड किंवा त्यांच्या वायरिंगकडे शोधायचा.

सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन धरत नाही. इथे खरी तपासणी सुरू होते. एक जादा प्लग केबलला लावा, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा, इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिनातले प्लग जागेवरच असू द्या, कारण उघड्या भोकातून उडालेलं पेट्रोल ठिणगीने पेट घेऊ शकतं. निळसर, कडाडणारी ठिणगी आली तर करंट चांगला आहे. पिवळट आणि मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. सीबी पॉइंटचे टोकाशी टोक लागणारे दोन छोटे ठिपके करडे आणि सपाट हवेत. एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार झाला असेल, किंवा दोन्ही जळून काळे पडले असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणं हे त्याचं काम. तो गेला की करंट प्लगपर्यंत न जाता पॉइंटवरच जळतो. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून पूर्ण उघडल्यावरची गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवली, तर बऱ्याच गाड्या तिथेच सुरू होतात. पावसाळ्यात याआधी कॅप आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून बघा. आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर पुसून भागणार नाही. कॅप बदलावी लागते.

“रेस देत देत सेल्फ मारा” हा सल्लाही सर्रास मिळतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमधला छोटा पंप कच्च्या पेट्रोलची धार थेट आत सोडतो. चार-पाच वेळा दाबलं की प्लग भिजतात, आणि भिजलेल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. थंड इंजिनाला चोक पूर्ण ओढून सेल्फ मारणं पुरेसं असतं. जुन्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या काही प्रकारांत चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसून पेट्रोलची वेगळी वाट असते, आणि पाय दाबला की तिचा परिणामच जातो. तिथे पेडलला पाय लावायचा नाही. इंजिन ओव्हरफ्लो झालंच असेल, तर चोक आत ढकला, पेडल तळापर्यंत दाबून तसंच धरा आणि सेल्फ मारा. जास्तीची हवा आतलं पेट्रोल बाहेर काढते.

धक्का मारून सुरू झाली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. त्याने इतकंच कळतं की करंट आणि पेट्रोल आहे, आणि बॅटरी किंवा सेल्फ कमजोर आहे. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर कॉइललाच वीज मिळत नाही आणि धक्का फुकट जातो.

एक समज मात्र खरा आहे, तो म्हणजे ओल्या फडक्याचा. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडी बंद पडली, की जुने चालक पेट्रोल पंपावर (गॅरेजवाल्यांच्या एसी पंपावर) ओलं फडकं टाकतात. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही; गारव्याने वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. बॉनेट उघडून पंधरा मिनिटं थांबलं तरी चालतं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नये.

महिनाभर उभ्या गाडीचं गणित वेगळं. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा जास्त वेळ सेल्फ लागतो. दहा सेकंद मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं. एअर फिल्टर काढून, सेल्फ न मारता, हाताने अ‍ॅक्सिलरेटर ओढला आणि आत पेट्रोलची बारीक धार दिसली, तर वाटी भरली आहे. सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या काळच्या रबराला कमजोर करतं. पंपाचा डायफ्राम आणि पाइप त्याच रबराचे. हे भाग इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या, आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल, तर गळती सापडेपर्यंत सेल्फला हात लावू नका.