गोलरक्षक घडविताना

शाळेचा फुटबॉल संघ निवडताना गोलात कोणाला उभे करावयाचे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी उरतो. जो धावण्यात मागे पडतो, ज्याला चेंडू नीट मारता येत नाही किंवा जो त्या दिवशी उशिरा आला, त्याच्या वाट्याला ही जागा येते. 'चेंडू आत जाऊ देऊ नकोस' यापलीकडे त्याला कोणी काही सांगितलेले नसते. पहिला गोल झाला की सारे त्याच्याकडे वळून पाहतात. दोन-तीन सामन्यांत असे घडले की तो मुलगा मैदानावर यावयाचेच सोडतो. कधी याहून वाईट होते. कसे पडावे हे ठाऊक नसल्यामुळे तो कोपरावर किंवा पसरलेल्या हातावर आदळतो आणि हात प्लास्टरमध्ये जातो.

सन २०१७ मध्ये ६ ते २८ ऑक्टोबर या काळात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा प्रथमच भारतात झाली. तिच्या सहा केंद्रांपैकी नवी मुंबई हे एक होते. तत्पूर्वी १५ सप्टेंबर रोजी राज्यातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे, असा उपक्रम शासनाने योजला होता व त्यासाठी शाळांना चेंडू देण्यात आले होते. चेंडू शाळेत पोहोचविणे तुलनेने सोपे असते. गोलरक्षकासाठी स्वतंत्र प्रशिक्षक मात्र मोठ्या क्लबांनाच परवडतो. जामनेरसारख्या तालुक्यात हे काम क्रीडाशिक्षकाला, आणि जेथे तोही नाही तेथे वर्गशिक्षकाला करावे लागणार. ते त्याला करता येण्याजोगे आहे. त्यासाठी स्वतः फुटबॉलपटू असण्याचीही आवश्यकता नाही. शिकविण्याचा क्रम तेवढा नीट ठाऊक हवा.

प्रथम निवडीविषयी. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या सामन्यात गोलात उभे असलेले पीटर थंगराज हे मूळचे आघाडीचे खेळाडू. सैन्यात गेल्यावर ते गोलरक्षक झाले. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी गोलात उभे राहूनच भारतीय संघाचे नेतृत्व केले. त्यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार व २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा उरलासुरला मुलगा गोलात, ही रीत शिक्षकांनी मोडावी. बारा वर्षांपर्यंत तर सर्वांनाच आळीपाळीने गोलात उभे करावे. कोणाला ती जागा आवडते, हे त्यातूनच कळते.

आधी हात, मग सूर

मुलांना गोलरक्षक म्हटला की हवेत आडवा झालेला खेळाडू आठवतो. प्रत्यक्षात चांगला गोलरक्षक शक्य तेवढे कमी सूर मारतो. दोन पावले वेळेवर टाकून चेंडूसमोर छाती आणता येत असेल, तर सूर मारण्याचे कारणच उरत नाही. म्हणून पहिले काही आठवडे उभ्याने चेंडू घेण्याचेच शिक्षण द्यावे.

पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, भार टाचांवर न ठेवता चवड्यांवर, हात शरीरापुढे व तळवे चेंडूकडे, ही त्याची तयारीची अवस्था होय. समोरचा खेळाडू चेंडू मारीत असताना त्या क्षणी गोलरक्षक स्थिर असावा. धावता धावता मारलेला चेंडू चुकतो, त्याचे कारण बहुधा हातांत नसते, पायांत असते.

छातीच्या वर येणारा चेंडू घेताना दोन्ही अंगठे एकमेकांजवळ यावेत व बोटे पसरलेली असावीत. अंगठ्यांमधून चेंडू निसटेल एवढी फट राहू नये. कमरेखालच्या चेंडूसाठी हेच उलट करावयाचे. बोटे जमिनीकडे, करंगळ्या जवळजवळ, कोपरे आत. चेंडू तळव्यांवरून मनगटांवर चढतो व छातीशी कवटाळला जातो. जमिनीलगत येणाऱ्या चेंडूसाठी एक गुडघा जवळपास जमिनीला टेकवून शरीर त्यामागे आणावे, म्हणजे हात चुकले तरी पाय अडवितो. आपल्याकडील मैदानांवर ढेकूळ लागून चेंडू ऐन वेळी उसळतो. तेथे ही दुसरी भिंत फार उपयोगी पडते.

सुरुवातीला शिक्षकाने चेंडू पायाने न मारता तीन-चार पावलांवरून हाताने टाकावा. तो हवा तेथे, हव्या त्या वेगाने जातो आणि मुलाची भीती कमी होते. बारा वर्षांखालील मुलांसाठी चार क्रमांकाचा चेंडू घ्यावा. पाच क्रमांकाचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. लहान मुलांच्या बोटांना तो जड जातो.

पडणे शिकविण्यासाठी आखाडा

सूर शिकविणे म्हणजे वास्तविक पडणे शिकविणे, आणि या बाबतीत आपली गावे दरिद्री नाहीत. कोल्हापुरात फुटबॉलचे अनेक संघ तालीम मंडळांतूनच उभे राहिले. जामनेर येथेही अलीकडच्या वर्षांत कुस्तीच्या मोठ्या स्पर्धा भरल्या आहेत. मल्लाला पहिल्या दिवसापासून पडावयास शिकवितात. ताक, तेल व हळद घालून मऊ केलेली आखाड्याची माती गोलरक्षकाच्या पहिल्या धड्यासाठी उत्तम होय. वस्तादांची अनुमती तेवढी घ्यावी. आखाडा नसेल तर लांब उडीचा वाळूचा खड्डा चालेल.

मुलाला प्रथम जमिनीवर बसवून बाजूला टाकलेला चेंडू घेत कुशीवर कलंडावयास सांगावे. ते जमले की गुडघ्यांवरून, नंतर उकिडव्या अवस्थेतून, नंतर उभ्याने आणि शेवटी एक पाऊल टाकून. पडताना पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला आणि खांद्याची बाजू या क्रमाने शरीर जमिनीला लागावे. कोपर अंगाखाली येऊ नये, पोटावर किंवा पाठीवर पडू नये. खालचा हात चेंडूमागे, वरचा चेंडूवर. जमीन हा जणू तिसरा हात. झेप नेहमी तिरकी पुढे असावी, कारण मागे झेपावणारा गोलरक्षक चेंडूसह गोलरेषेपलीकडे जाण्याचा धोका असतो. एका बाजूला सहज पडणारी मुले दुसऱ्या बाजूला कचरतात. त्या कच्च्या बाजूपासून सरावाला आरंभ करावा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खो-खोत निष्णात असलेला मुलगा सूर मारण्यास भीत नाही, म्हणून त्याला गोलात घेण्याचा मोह होतो, आणि तो वावगाही नाही. परंतु खो-खोतील सूर छाती-पोटावर उतरतो. गोलरक्षकाने तसे केले तर चेंडू पोटाखालून जातो आणि बरगड्यांना मार बसतो. अशा मुलाची सवय प्रथम मोडावी लागते. धाडस मात्र त्याने बरोबर आणलेले असते.

खानदेशातील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते व तिला भेगा पडतात. त्या दिवसांत मैदानावर सूर मारावयास लावू नये; सकाळच्या वेळी वाळूत किंवा आखाड्यात तेवढा सराव घ्यावा. पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार घातली की खरचटणे पुष्कळ वाचते. हातमोजे असल्यास उत्तम, परंतु ते नाहीत म्हणून शिक्षण अडत नाही.

दोरीने शिकविता येणारी भूमिती

गोलाची रुंदी ७.३२ मी. आणि उंची २.४४ मी. असते. समजा, गोलाच्या बरोबर मध्यासमोर ११ मी. अंतरावर चेंडू आहे. ताशी ७२ कि. मी. वेगाने तो निघाला, तर गोलरेषेपर्यंत यावयास अर्ध्या सेकंदाहून थोडाच अधिक वेळ लागतो. गोलरेषेवर उभ्या असलेल्या मुलाला तेवढ्या वेळात ७.३२ मी. राखावयाचे असतात. तो दोन मीटर पुढे आला, तर राखावयाची रुंदी सुमारे ६ मी. उरते. चार मीटर पुढे आला, तर सुमारे ४.७ मी.

चेंडूपासून दोन्ही खांबांपर्यंत दोऱ्या ताणून बांधाव्यात आणि मुलाला त्या त्रिकोणात पुढे-मागे चालवावे. समरूप त्रिकोणांचा हा पाठ गणिताच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल. मग चेंडू एका बाजूला न्यावा. दोऱ्या सरकतात तशी उभे राहण्याची जागाही सरकते, हे मुलाच्या डोळ्यांना दिसते. फार पुढे आल्यास चेंडू डोक्यावरून जातो, हेही एकदा प्रत्यक्ष होऊ द्यावे. पेनल्टीच्या वेळी मात्र चेंडू मारला जाईपर्यंत एक पाय तरी गोलरेषेवर किंवा तिच्या मागे असावा लागतो.

पकडता न येणारा चेंडू समोर ढकलू नये. तो बाजूला, खांबाच्या बाहेर घालवावा. पकडलेला चेंडू किती वेळ हातात ठेवावा, याचा नियम जुलै २०२५ पासून बदलला आहे. आठ सेकंदांहून अधिक काळ धरल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर किक मिळते. पूर्वीची सहा सेकंदांची मर्यादा ज्यांना पाठ आहे, अशा पंचांनी व शिक्षकांनी याची नोंद घ्यावी. प्रतिस्पर्ध्याच्या पायांत झेपावून चेंडू हस्तगत करणे हे कौशल्य देखणे असले तरी जोखमीचे आहे. पडण्याची भीती पूर्ण गेल्याखेरीज ते शिकवू नये.

ग्रामपंचायतीचे सहकार्य

बारा वर्षांखालील मुलांना पूर्ण मापाच्या गोलात उभे करणे अन्यायाचे होय. त्यांच्यासाठी ५ मी. रुंद व २ मी. उंच गोल पुरेसा आहे. तो बांबूंचाही करता येतो. ग्रामपंचायतीने वाळूच्या खड्ड्यासाठी एक-दोन गाड्या वाळू दिली व मैदानावरील दगड-काचा वेचून घेतल्या, तरी पुष्कळ काम होते.

लोखंडी गोलखांबांची मात्र विशेष काळजी घ्यावी. नुसते उभे करून ठेवलेले, हलविता येणारे खांब अंगावर पालथे होऊन मुले दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. मुले आडव्या दांडीला लोंबकळतात, तो आनंद त्यांना नाकारणे कठीण. खांब जमिनीत खोल पुरून पक्के करावेत. ते शक्य नसेल तर मागील चौकट खुंट्यांनी व वाळूच्या पोत्यांनी जखडावी. सराव संपल्यावर गोल जमिनीवर आडवे करून साखळीने एकत्र बांधावेत आणि किल्ली शाळेच्या कार्यालयात ठेवावी.