बेळगावात ९० टक्के, मडगावातही ९० टक्के. मग झोप गोव्यातच का उडते?

पावसाळ्यात चोर्ला घाट उतरून नोकरीसाठी गोव्यात येणाऱ्या बेळगाव, खानापूर, चंदगडकडच्या माणसाचा अनुभव ठरलेला असतो. गावी या दिवसांत रात्री चादर पुरत नाही, घोंगडं काढावं लागतं. इकडे मडगाव किंवा वास्कोच्या भाड्याच्या खोलीत पंखा पाचवर असूनही अंग चिकट, उशी ओलसर आणि रात्री दोनला जाग. मोबाईलवर हवामान बघितलं तर दोन्हीकडे आर्द्रता ९० टक्के. मग फरक कुठे पडतो?

टक्केवारी फसवते

हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, एवढंच ही टक्केवारी सांगते. हवा जितकी उबदार, तितकी तिच्यात जास्त वाफ मावते. २० अंशाला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ राहते, २८ अंशाला सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे ९० टक्के धरले तर थंड हवेत १५ ग्रॅमच्या आसपास आणि उबदार हवेत २४ ग्रॅमच्या वर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, म्हणून तिथला पावसाळा थंड. किनाऱ्यावर गारवाही नाही आणि वाफही जास्त.

झोप लागताना शरीर आतली उष्णता बाहेर टाकून थोडं थंड होतं. त्यासाठी घाम वाळावा लागतो. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता साचतो. मग शरीर थंड होत नाही आणि झोप मोडते.

खोलीतल्या पाण्याचा जमाखर्च

दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली धरा. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा असते. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला त्या हवेत जेमतेम ८०० ग्रॅम पाणी असतं. ऐकायला थोडं वाटतं, पण आता जमेची बाजू बघा.

खोलीत झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. मशीनमधून पिळून काढलेले कपडे खोलीतच दोरीवर टाकले तर एका वेळचे दोन लिटर तरी. तिसरी नोंद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती स्वयंपाकाच्या गॅसची. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. १४.२ किलोचा सिलिंडर संपला म्हणजे वीस लिटरहून जास्त पाणी घरात सोडलं गेलं. जिथे शिजवायचं तिथेच झोपायचं, अशा एका खोलीच्या बिऱ्हाडात हे सगळं गादीत, उशीत आणि भिंतीत मुरतं.

म्हणून पहिला खर्च शून्य रुपयांचा. कपडे झोपायच्या खोलीत वाळवायचे नाहीत. गॅलरीत किंवा वळचणीखाली, तेही नसेल तर न्हाणीघरात दार लावून आणि झरोका उघडा ठेवून. स्वयंपाक करताना खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवायचा, आणि गॅस बंद केल्यावरही पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्यायचा.

उघडं घर की बंद घर? एकच ठरवा

सर्वाधिक पैसे वाया जातात ते अर्धवटपणामुळे. एसी चालू आणि खिडकी बोटभर उघडी. किंवा एसी नाही तरी डास-पावसाच्या भीतीने सगळं बंद.

एसी नसेल तर घर उघडं ठेवणंच बरं. पावसाच्या रात्री बाहेरची हवा २४-२५ अंशांची असते. ती ओलीच असते, पण कोंडलेल्या खोलीतल्या हवेपेक्षा तिच्यात पाणी बहुधा कमीच. समोरासमोरच्या दोन खिडक्यांना जाळी बसवून आरपार वारा खेळू द्या. पंखा हवेतलं पाणी काढत नाही, फक्त अंगावरचा घाम वाळवतो. त्यामुळे रिकाम्या खोलीत तो फिरवून उपयोग नाही. इंदूर, ग्वाल्हेरकडे उन्हाळ्यात वरदान ठरणारा पाण्याचा कूलर मात्र इथे लावू नका. तो आणखी पाणीच सोडतो.

एसी असेल तर घर पूर्ण बंद. एसी हवेतलं पाणी नळीवाटे बाहेर टाकतो, पण कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हाच. लहान खोलीला मोठा एसी बसवला की खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवा गार पण ओलीच राहते. पावसाळ्यात १८ वर ठेवण्यापेक्षा ‘ड्राय’ मोड, किंवा २५-२६ अंश आणि सोबत हळू पंखा, जास्त सुखाचं. बिलही हलकं.

ओलावा शोषणारं डिह्युमिडिफायर यंत्रही बंद खोलीतच काम करतं. ते खोली थोडी तापवतं, म्हणून झोपण्याआधी तीन-चार तास चालवून बंद करावं. २५० वॉटचं यंत्र चार तास चाललं तर एक युनिट. एक टनाचा एसी रात्रभरात चार युनिटच्या आसपास खातो. जुना ७५ वॉटचा पंखा आठ तासांत ०.६ युनिट, तर ३० वॉटचा बीएलडीसी पंखा ०.२४. आपल्या बिलावरचा दर लावून हिशेब करा.

मीठ सांगेल

आर्द्रता ४० ते ६० टक्के असली की बरं. त्यासाठी छोटा आर्द्रतामापक मिळतो. तो खरा की खोटा, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. मापक नसेल तर स्वयंपाकघरातली बरणी बघा. मिठाला पाणी सुटलं म्हणजे तिथली हवा साधारण ७५ च्या वर गेलीच.

बुरशी आणि शेगडी

७० च्या वर ओल सतत राहिली की भिंतीवर बुरशी आणि गादीत धुळीतले किडे वाढतात. दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, सकाळी गादी उभी करून तिला वारा द्या. कापराच्या वड्यांनी कुबट वास झाकला जातो, ओल जात नाही. भिंत वरून किंवा नळातून पाझरत असेल तर आधी ती गळती काढा, नाहीतर बाकीचे उपाय फुकट. मुलाला रात्री धाप लागत असेल तर डॉक्टरकडे न्या.

खोली किंवा कपडे सुकवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ओल्या उशीवर एक रात्र काढलेली परवडते.