मोबाइलचे दार मोकळे असावे, पण कडी आपल्या हाती

मोबाइलमध्ये ॲप घ्यायचे ते फक्त कंपनीच्या दुकानातून, की बाहेरूनही? या प्रश्नाचा संबंध व्यापाऱ्याच्या गल्ल्याशी आहे. आयफोनच्या ॲपमधून डिजिटल माल विकणाऱ्याकडून ॲपल कंपनी साधारणतः 30 टक्के, तर लहान धंदेवाल्यांकडून 15 टक्के दलाली घेते. बाजारात एकच दुकान असले की दर कोण ठरवतो, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. म्हणून युरोपीय संघाने कायदा केला व मार्च 2024 पासून तेथे आयफोनवर इतर दुकानांना वाट मिळाली. अँड्रॉइड फोनवर ही वाट पूर्वीपासून आहे.

मात्र याच वाटेने चोरही येतो. लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड अशा नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल येते. ती बसवून मागेल ती परवानगी दिली, की एसएमएसमधला ओटीपी चोराला दिसतो आणि खाते साफ होते.

तरीही आम्हांला वाटते, बंदी नको. फोन ज्याने विकत घेतला, त्याचा तो आहे. परंतु बाहेरचे नावाजलेले दुकान वेगळे आणि कोणीतरी पाठवलेली फाइल वेगळी. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून बाहेरचे ॲप बसवण्याची परवानगी प्रत्येक ॲपला स्वतंत्र द्यावी लागते. व्हॉट्सॲपला ती देऊ नये. ओळखीच्या नंबरवरून आलेली 'एपीके'ही उघडू नये. हिशेबाचे ॲप बाहेरून घ्यायचेच, तर ते बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. फसगत झालीच तर वेळ न दवडता 1930 वर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे.